परसबागेतली जाळी: कोणती घ्यावी, कधी घालावी, कधी काढावी

टोमॅटोची रोपं लावून तीन-चार आठवडे झाले की शेंड्याची पानं आखडायला लागतात, वरच्या बाजूला वळतात, झाड खुरटतं. भेंडीच्या पानांच्या शिरा आधी पिवळ्या पडतात, मग सगळं पानच पिवळं होतं आणि शेंगाही पांढुरक्या, राठ येतात. नवीन बाग करणारी बहुतेक माणसं या टप्प्यावर कृषी सेवा केंद्रात जातात आणि फवारायला काहीतरी मागतात. पण टोमॅटोचा बोकड्या काय किंवा भेंडीचा हळद्या काय, हे विषाणूंचे रोग आहेत. झाडाला एकदा लागले की त्यांच्यावर औषध नाही. दोन्ही रोग पसरवते ती पांढरी माशी, म्हणून ती झाडावर बसण्याआधीच तिला अडवायला हवं. एकरभर शेतात हे अवघड असतं. दहा कुंड्या किंवा तीन बाय सहा फुटांचा एखादा वाफा असेल, तर हेच काम एका जाळीत होतं.

मात्र जाळी फक्त अडवते. आधीच आत असलेल्या किडीला ती बाहेर काढत नाही, उलट तिला कोंडून ठेवते आणि तिला खाणाऱ्या मित्रकीटकांना बाहेर ठेवते. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांची कारणं आपोआप कळतात.

आधी ठरवा, अडवायचं कोणाला

दुकानात जाण्याआधी आपल्या झाडांचं नुकसान कोण करतं ते नीट बघा. पान उलटून बघा, सकाळी लवकर बघा, रात्री बॅटरी घेऊन बघा. मेथीची कोवळी रोपं सरळ कापल्यासारखी गेली असतील तर चिमण्या किंवा गोगलगाय. कोबीच्या पानाला बारीक खिडक्यांसारखी भोकं असतील तर ठिपक्यांच्या पतंगाची अळी. पेरू पिकायच्या आधीच अर्धवट कुरतडून खाली पडत असतील तर पोपट किंवा खार. रात्रीत फळ नाहीसं होऊन झाडाखाली चोथा पडत असेल तर वटवाघूळ. कारलं एका बाजूनं वाकडं होऊन पिवळं पडलं आणि कापल्यावर आत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, तर ती फळमाशी.

प्रत्येकासाठी जाळीचं भोक वेगळं लागतं.

किडींच्या जाळीचा नंबर मेशमध्ये सांगतात. ४० मेश म्हणजे एका इंचात ४० भोकं. धाग्याची जाडी वजा केली की एक भोक ०.४ मिलिमीटरच्या आसपास उरतं. ५० मेशमध्ये ते ०.३ च्या आसपास येतं. पांढरी माशी जेमतेम १ मिलिमीटर लांबीची असते आणि तिचं अंग त्याहून बरंच अरुंद असतं. त्यामुळे ४० मेशमधून एखादी शिरू शकते, ५० मेशमधून शिरणं कठीण. घरच्या बागेसाठी मी ४० मेशच सुचवेन, कारण ५० मेशमध्ये हवा फार कमी खेळते आणि आपल्याकडच्या उन्हात त्याचा त्रास जास्त होतो. अपवाद एकच, रोपवाटिकेचा. त्याबद्दल पुढे येईलच.

फुलकिडे आणि कोळी किडी यांचा बंदोबस्त जाळीकडून अपेक्षू नका. फुलकिडा इतका बारीक असतो की तो अडवायला लागणारी जाळी घातली तर झाडाचाच श्वास कोंडतो, आणि कोळी तर त्याहूनही लहान. मिरचीचा चुरडा-मुरडा बऱ्याचदा या दोघांमुळे होतो, म्हणून मिरचीला जाळी घालूनही पानं वळू शकतात. शंखी गोगलगाय कडेखालून शिरते. उंदीर, घूस आणि खार प्लास्टिकची जाळी कुरतडतात.

अळ्यांचे पतंग, फुलपाखरं आणि फळमाशी यांना एवढी बारीक जाळी लागत नाही. २ मिलिमीटरपर्यंतचं भोक चालतं. म्हणजे जुनी मच्छरदाणीही पुरते. कोबी, फ्लॉवर, वांगी यांच्यासाठी मच्छरदाणीचं कापड मला सगळ्यात जास्त आवडतं. ते स्वस्त आहे, मऊ आहे, धुता येतं, आणि त्यातून हवा छान जाते.

पक्ष्यांच्या जाळीचा विषय वेगळा आणि जबाबदारीचा आहे, त्यावर शेवटी सविस्तर.

दुकानात काय मागायचं

‘बागेला जाळी द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी हिरवी शेडनेट पुढे येते. ती घेऊ नका. शेडनेट ऊन अडवण्यासाठी असते. तिच्यावर लिहिलेले ३५, ५०, ७५ टक्के हे सावलीचे आकडे आहेत, किडी अडवण्याचे नाहीत. तिच्या विणीतून पांढरी माशी बिनदिक्कत आत जाते. वर ७५ टक्के शेडनेटखाली टोमॅटो लावला तर झाड उंच, लुकडं होतं आणि फुलं कमी धरतं. म्हणून ‘इन्सेक्ट नेट, ४० मेश, पांढरी’ असं स्पष्ट मागा. पांढऱ्या जाळीतून उजेड चांगला येतो आणि ती कमी तापते. यूव्ही प्रक्रिया केलेली आहे का तेही विचारा. ती नसेल तर एका उन्हाळ्यात धागा ठिसूळ होऊन हातात तुकडे येतात. चांगली जाळी जपून वापरली तर तीन ते पाच वर्षं टिकते.

दुसरा पर्याय क्रॉप कव्हर. आपल्याकडे टरबूज-खरबुजाच्या शेतांत मल्चिंग पेपरच्या गादीवाफ्यावर पांढऱ्या पातळ कापडाचे लांबच लांब बोगदे दिसतात, तेच हे. विणलेलं नसतं, कागदासारखं असतं आणि वजनाला अगदी हलकं. शेतकरी ते लागवडीपासून फुलं येईपर्यंत ठेवतात आणि मधमाश्यांसाठी काढून घेतात. घरच्या वेलांनाही ते उत्तम. पण वाऱ्यानं, काट्यानं लवकर फाटतं आणि एखाद्या हंगामातच संपतं.

याशिवाय लागेल ते: बांबूच्या कामट्या किंवा ठिबकची १६ मिलिमीटरची जुनी नळी, फूटभर लांबीचे सळईचे तुकडे, सुतळी, कपड्यांचे चिमटे, आणि कडा दाबायला विटा किंवा वाळू भरलेल्या जुन्या पिशव्या. विकतच्या कमानी घ्यायची गरज नाही.

किती जाळी लागेल

इथे बहुतेकांची जाळी कमी पडते, कारण वाफ्याची लांबी-रुंदी मोजली जाते आणि कमानीची उंची विसरली जाते.

समजा वाफा ३ फूट रुंद, ६ फूट लांब आहे आणि मधली उंची अडीच फूट ठेवायची आहे. अशा कमानीवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टेप धरला तर अंतर साधारण सव्वासहा ते साडेसहा फूट भरतं. दोन्ही बाजूंना जमिनीवर दाबायला पाऊण-पाऊण फूट हवं. म्हणजे ८ फूट पन्हा. लांबीच्या बाजूला वाफ्याचे ६ फूट, दोन्ही टोकांना खाली येणारी अडीच-अडीच फूट, आणि दाबायला पुन्हा पाऊण-पाऊण. म्हणजे साडेबारा, धरून चाला १३ फूट. ८ बाय १३ चा अखंड तुकडा घ्या. दोन तुकडे जोडून चालवायचं असेल तर जोड शिंप्याकडून नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी शिवून घ्या. चिमट्यांनी जोडलेल्या सांध्यातून माशी जातेच.

अडीच फूट उंची पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, मुळा यांना भरपूर. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्यासाठी पाच-साडेपाच फुटांचा चौकोनी सांगाडा करावा लागतो. वायरिंगचे पीव्हीसी पाइप आणि त्यांचे कोपरे वापरून तो करता येतो. त्यावर मच्छरदाणीसारखाच, पुढे उभी चेन लावलेला झब्बा शिंप्याकडून शिवून घ्या. चेनवर दोन पैसे जास्त जातात, पण रोज आत हात घालावा लागणाऱ्या झाडाला ती हवीच. चेन नसली की जाळी उचलण्याचा कंटाळा येतो, मग एक बाजू ‘तेवढ्यापुरती’ उघडी राहते आणि महिन्याभराची राखण एका दुपारी फुकट जाते.

पहिलं काम रोपवाटिकेचं

एकाच ठिकाणी जाळी घालण्याइतके पैसे असतील तर ते रोपवाटिकेवर घाला. विषाणू झाडाला जितक्या लहान वयात लागतो तितकं नुकसान मोठं. पंधरा दिवसांच्या रोपाला बोकड्या लागला तर त्या झाडाकडून फळाची आशा नाही. फळं धरलेल्या झाडाला लागला तर निदान धरलेली फळं तरी मिळतात. म्हणून टोमॅटो, मिरची, वांगी यांचं बी पेरल्या दिवसापासून पुनर्लागवडीपर्यंत, म्हणजे टोमॅटो-वांग्याला साधारण २५ ते ३० दिवस आणि मिरचीला ३५ ते ४०, रोपं जाळीखालीच वाढवा. इथे ५० मेश वापरायला हरकत नाही, कारण ट्रे लहान असतो आणि कडक उन्हात तो सावलीत उचलून ठेवता येतो.

रचना अगदी साधी. ट्रेच्या दोन बाजूंना दोन कामट्या वाकवून खोचा, वर जाळी टाका, ट्रेसकट सगळं एका पाटावर ठेवून जाळीच्या कडा पाटाखाली दुमडा. पाणी वरूनच झारीनं घाला, जाळी उचलू नका. माती नवीन किंवा उन्हात तापवलेली घ्या.

रोपं नर्सरीतून आणत असाल तर ती थेट जाळीखाली नेऊ नका. दोन-तीन दिवस वेगळी ठेवा आणि प्रत्येक पानाची खालची बाजू बघा. पांढऱ्या माशीची पिल्लं पानाला खवल्यांसारखी चिकटून बसतात, हलत नाहीत आणि सहज नजरेत येत नाहीत. मावा, म्हणजे झुंडीनं बसून रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर पाण्याच्या धारेनं धुऊन काढा. शंका असेल ते रोप बाहेरच राहू द्या.

वाफ्यावर जाळी चढवताना

आधी माती. ज्या वाफ्यात गेल्या हंगामात काकडी, दोडका, कारलं होतं आणि फळमाशीनं फळं नासली होती, त्याच वाफ्यात पुन्हा वेल लावून जाळी घातलीत तर फायदा शून्य. फळमाशीची अळी फळातून मातीत उतरते आणि तिथेच कोषात जाते. माशी बाहेर पडेल ती जाळीच्या आतच. पिकाची जागा बदला, किंवा उन्हाळ्यात माती उकरून चांगली तापू द्या. किडलेली फळं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवा.

मग कमानी. वाफ्याच्या दोन्ही कडांना दर २ फुटांवर समोरासमोर सळईचे तुकडे अर्धे जमिनीत ठोका. ६ फुटांच्या वाफ्याला चार जोड्या लागतील. ठिबकच्या नळीचे तुकडे सव्वासहा ते साडेसहा फुटांचे कापून त्यांची टोकं सळयांवर चढवा. चारही कमानींच्या माथ्यावरून एक आडवी कामटी सुतळीनं बांधा. ही कामटी टाळू नका, नाहीतर पहिल्याच जोराच्या सरीला दोन कमानींमधली जाळी पोट सोडते आणि झाडांवर टेकते.

झाडं लावा, पाणी द्या, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन पसरा, आणि त्याच दिवशी जाळी चढवा. दोन दिवसांनी चढवू म्हणू नका. पतंगाला अंडी घालायला एक रात्र पुरते.

जाळी आणि पानं यांच्यात वीतभर अंतर राहायला हवं. पान जाळीला टेकलं की फुलपाखरू बाहेर बसूनच भोकातून पानावर अंडी घालतं. फळमाशीही जाळीला टेकलेल्या फळाला बाहेरून टोचते. कोबी मोठा होतो तसा पसरतो, म्हणून कडेची रोपं वाफ्याच्या काठापासून निदान अर्धा फूट आत लावा.

आता कडा. चारही बाजूंनी जाळी जमिनीवर सपाट पसरा आणि सलग दाबा. फूट-फूट अंतरावर एकेक दगड ठेवणं म्हणजे मधल्या प्रत्येक फुटात एक दार सोडणं. तीन बाजूंना वितीएवढा चर काढून त्यात जाळी पुरा, चौथ्या बाजूला वाळूच्या लांब पिशव्या ठेवा. रोज उघडायची ती हीच बाजू.

गच्ची आणि बाल्कनीसाठी

कुंडीला वेगळी युक्ती. तीन कामट्या कुंडीच्या कडेनं खोचून त्यांची टोकं वर एकत्र बांधा. त्यावर पिशवीसारखी शिवलेली जाळी वरून घाला आणि कुंडीच्या काठाखाली नाडीनं आवळा. पातेल्यावर फडकं बांधतो तसं. नाडी घट्ट हवी, पण गाठ सरकफास हवी. कुंडीतल्या मातीत आधीपासून कोष नाहीत एवढं बघा.

गच्चीवर खरा शत्रू वारा. चौथ्या-पाचव्या मजल्यावर जूनचा वारा भरलेल्या जाळीसकट कुंडी आडवी पाडतो. कठड्यावर जाळीवाली कुंडी ठेवूच नका. कुंड्या एकमेकींना खेटून, भिंतीच्या आडोशाला, जमिनीवर ठेवा आणि सांगाडा पाइपला किंवा हुकाला बांधा.

कढीपत्ता आणि लिंबू यांच्या रोपांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, पुढे हिरव्यागार होणाऱ्या अळ्या येतात. रोप फूट-दीड फुटाचं असेल तर जाळी घाला, नाहीतर आठवड्यात काड्या उरतात. झाड मोठं झालं की जाळी काढून टाका. त्या अळ्यांची फुलपाखरं होतात, आणि महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला त्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. मोठ्या कढीपत्त्याची चार पानं त्यांना मिळाली तर झाडाला काहीच होत नाही.

कधी काढायची

पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, मुळा, गाजर यांना फळ धरायचं नसतं. त्यांची जाळी काढणीपर्यंत राहू द्या.

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, घेवडा यांच्या फुलात परागीभवन त्याच फुलात होऊ शकतं. त्यांना जाळीखालीही फळं धरतात, फक्त आत वारा कमी असतो. म्हणून फुलं असताना रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला टोमॅटो-वांग्याच्या फांद्यांना बोटानं हलकेच टिचक्या मारा. वांग्याची शेंडा आणि फळ पोखरणारी अळी फवारणीनं आवरणं फार कठीण जातं, कारण अळी अंड्यातून निघाली की लगेच शेंड्यात किंवा फळात शिरते. तिचा पतंग रात्री फिरतो. त्याला बाहेर ठेवणारी मच्छरदाणी इथे खरंच मोलाची आहे. आत एखादा शेंडा कोमेजलेला दिसला तर दोन बोटं खालून कापून नष्ट करा, तो पतंग कुठून आला ते शोधा.

भेंडीला पहिला महिना जाळी पुरे. त्यानंतर हळद्या लागला तरी तोटा कमी होतो, आणि एक दिवसाआड तोडणी असलेल्या उंच झाडावर जाळी सांभाळणं त्रासाचं.

वेलवर्गाचं गणित निराळं. काकडी, कारलं, दोडका, दुधी, भोपळा यांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात आणि मधमाश्या लागतात. पहिलं मादी फूल दिसलं की जाळी काढा. मादी फूल ओळखायला सोपं असतं, त्याच्या देठाशी इवलंसं फळ असतं. जाळी काढायची नसेल तर परागीभवन हातानं करा: ताजं उमललेलं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला केसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा हे काम सकाळी करा. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात, त्यांना दिवेलागणीला वेळ द्या. वेळ चुकली की फळ पिवळं पडून गळतं आणि दोष खताला दिला जातो.

जाळी काढल्यावर फळमाशी येणारच. तेव्हा प्रत्येक फळाला स्वतंत्र पिशवी घाला: मच्छरदाणीची शिवलेली, भेटवस्तूंच्या पातळ ऑरगेंझाची, किंवा वर्तमानपत्राची. फळमाशीला कोवळं फळ आवडतं, म्हणून फूल कोमेजल्यावर दोन-तीन दिवसांतच पिशवी चढायला हवी. फळ बोटाएवढं झाल्यावर घातलेली पिशवी बहुधा अंड्यांसकटच बंद होते. पेरूला लिंबाएवढं फळ झालं की पिशवी घाला, ती पोपटांपासूनही वाचवते. कोकणात हापूसच्या कैऱ्यांना कागदी पिशव्या घालतात, त्यामागेही फळमाशी आणि डाग टाळण्याचाच विचार आहे.

ऊन, पाऊस, धूळ

बारीक जाळीखाली हवा तापते आणि दमट राहते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर गेला की ४० मेशखालचा टोमॅटो फुलं गाळतो. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे जायला लागलं की बाहेरच्या टोमॅटोचीही फुलं टिकत नाहीत, आत तर ते आधीच होतं. या दिवसांत दुपारी बारा ते चार वर शेडनेटचा पडदा टाका, किंवा सरळ पालेभाजी घ्या आणि मच्छरदाणीवर भागवा.

पावसाळ्यात जाळीचा एक फायदा मात्र छान आहे. कोथिंबीर आणि पालकाची कोवळी रोपं सरीच्या माऱ्यानं आडवी होतात, चिखल उडून पानं कुजतात. जाळीमुळे थेंब फुटून खाली येतो. पण दमटपणामुळे भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि पानांवरचे ठिपके वाढतात, म्हणून रोपं नेहमीपेक्षा विरळ लावा आणि उघडीप मिळाली की तासभर जाळी वर करा. हे सकाळी लवकर, हवेत गारवा असताना करा, त्या वेळी पांढरी माशी सुस्त असते.

बांधकाम किंवा रस्ता जवळ असेल तर महिन्यात जाळी धुळीनं भरते. आतल्या झाडांना उजेड कमी पडतो. पाइपनं आतून बाहेरच्या दिशेनं पाणी मारा.

आठवड्यातून एकदा पानं उलटून बघणं जाळी असतानाही सुटत नाही. आत मावा शिरला तर तो बाहेरच्यापेक्षा दुप्पट वेगानं माजल्यासारखा वाटतो, कारण त्याला खाणारे ढालकिडे आत येऊच शकत नाहीत. असं झालं तर जाळी घालून बसू नका. ती पूर्ण काढा, झाड धुवा, मित्रकीटकांना चार दिवस काम करू द्या, आणि मग हवी तर पुन्हा घाला.

पक्ष्यांसाठी जाळी: इथे घाई नको

ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर बसून गोफण फिरवत पाखरं राखायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. बुजगावणंही तेवढंच जुनं, पण पाखरं त्याला दोन-चार दिवसांत सरावतात. चमकत्या पट्ट्या आणि जुन्या सीडींचंही तेच. म्हणून माणसं जाळीकडे वळतात आणि बाजारातली सगळ्यात स्वस्त, पातळ नायलॉनच्या धाग्याची, मोठ्या भोकांची जाळी झाडावर टाकून मोकळी होतात. ही जाळी कृपया घेऊ नका. पक्ष्याला तो धागा दिसत नाही. बुलबुलाचा पाय, पोपटाचा पंख, वटवाघळाचं पातळ पडद्यासारखं अंग त्यात अडकतं, आणि सुटायच्या धडपडीत फास आवळत जातो. जमिनीवर पडलेल्या जाळीत धामण आणि नाग अडकतात. खवल्यांमुळे सापाला मागे सरकून बाहेर पडता येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं तर १ सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांवरच्या जाळीचं भोक ताणल्यावर ५ मिलिमीटरपेक्षा मोठं नसावं असा नियमच केला. त्यातून एक सोपी कसोटी घेता येते: जाळी ताणा आणि करंगळी घालून बघा. करंगळी आरपार गेली तर ती जाळी झाडासाठी नाही.

बहुतेक घरी झाडभर जाळीची गरजच नसते. पिकायला आलेल्या घोसांना किंवा फळांना पिशव्या घाला, शेंड्याकडची फळं पाखरांना सोडा. हाताला न लागणारी फळं तशीही आपल्या वाट्याला येत नाहीत. अंजीर, तुती, द्राक्षाचा एखादा वेल अशा ठिकाणी पूर्ण जाळी घालावीच लागली तर ती पांढरी, जाड धाग्याची, बारीक भोकांची असू द्या. झाडावर नुसती पांघरू नका. सांगाड्यावर तबल्याच्या पुडीइतकी ताणून बसवा, फळांपासून फूटभर लांब. खालची कड जमिनीवर लोळू देऊ नका, खोडाला गुंडाळून बांधा. फळं उतरली की त्याच दिवशी काढा.

पेरलेलं बी आणि उगवतं रोप यांचं रक्षण मात्र सोपं आहे. पारवे, होले आणि चिमण्या वाटाणा, मेथी, पालक यांच्या वाफ्यात पहिले आठ-दहा दिवसच जास्त त्रास देतात. चार विटांवर लोखंडी जाळीची जुनी चौकट आडवी ठेवा. रोपं बोटभर झाली की उचला. मिरची तिखट म्हणून पाखरं खाणार नाहीत असं समजू नका, पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही आणि पोपट पिकलेल्या मिरच्या आवडीनं खातात.

जाळी लावलेली असेल तर सकाळ-संध्याकाळ तिच्याभोवती एक फेरी मारा. पक्षी अडकलेला दिसला तर आधी त्याच्यावर सुती फडकं टाका, अंधार झाला की तो शांत होतो. ओढून सोडवू नका, कात्रीनं जाळी कापा आणि पायात-पंखात गुंतलेले धागे एकेक करून काढा. जखम नसेल तर खोक्यात तासभर विसावू देऊन सोडा. पोपट दिसायला कितीही गोड असला तरी बरा होईपर्यंत म्हणून पिंजऱ्यात ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो संरक्षित आहे. वटवाघळाला उघड्या हातानं कधीही हात लावू नका, आणि सापाच्या जवळ जाऊ नका. जखमी पक्षी, वटवाघूळ किंवा साप असेल तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

काढून ठेवताना

हंगाम संपला की जाळी झटका, साध्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. ओली गुंडाळली तर बुरशीचे काळे डाग पडतात. गुंडाळी पोत्यात न ठेवता झाकणाच्या डब्यात किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवा, उंदरांना मऊ जाळी घरट्यासाठी फार आवडते. प्रत्येक तुकड्यावर मार्करनं माप आणि मेश लिहिलेली चिठ्ठी शिवून टाका. लहान भोकं सुई-दोऱ्यानं बुजवा. फाटक्या जाळीतून चांगले तुकडे कापून फळांच्या पिशव्या शिवा. उरलेली चिंधी जाळू नका आणि बांधावर किंवा नाल्याकाठी टाकू नका. कात्रीनं बारीक तुकडे करून, पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या, म्हणजे तिथेही ती कोणाच्या पायात अडकणार नाही.